शेजार कुठवर असतो?

भिवंडीत शांतीनगर, गैबीनगर, कामतघर अशा वस्त्यांमधल्या एखाद्या गल्लीत रात्री दोन वाजता जो आवाज येतो, तो कुठून येतो हे सांगता येत नाही. खालच्या गाळ्यातून येतो, समोरच्या गाळ्यातून येतो, मागच्या गल्लीतूनही येतो. साध्या यंत्रमागावर लाकडी धोटा मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो आणि प्रत्येक वेळी आपटून थांबवला जातो. मागाचा खटखटाट हा ह्या आपटण्याचा आवाज. असे डझन-दोन डझन माग एका शेडमध्ये चालले की आतला आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळातली मर्यादा पंचेचाळीस डेसिबलची आहे. डेसिबलची मोजणी दहाच्या पटीने चढते, त्यामुळे पंचेचाळीस आणि पंच्याण्णव ह्यांत ध्वनीच्या ऊर्जेचा फरक लाखपट असतो. भिंती आणि अंतर त्यातलं बरंच गिळतात हे खरं, पण तळमजल्यावर माग आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड असेल तर अंतर उरतं ते एका स्लॅबचं, आणि स्लॅब तर आवाजासोबत थरथरही वर पोचवतो. ताण्याच्या सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरचा धूर निराळाच. त्यात लाकूड आणि कोळशाबरोबर चिंध्या आणि प्लॅस्टिकचा कचराही जाळला जातो, अशा तक्रारी शहरात वारंवार झाल्या आहेत.

हा प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आणि महापालिकेचा आहे, त्यात धर्माचं काय, असं वाटू शकेल. मला तो आधी धर्माचाच वाटतो. नियम मोडला जातो तेव्हा दोन्हीकडची माणसं नियमाच्या भाषेत बोलतच नाहीत. माग चालवणारा म्हणतो, पोटापाण्याचा धंदा आहे, सांभाळून घ्या. वर राहणारा म्हणतो, काय करणार, शेजारी आहेत, सोसायचं. एक सांभाळून घ्यायला सांगतो, दुसरा सोसतो, आणि दोघांनाही वाटतं की आपण शेजारधर्म पाळतो आहोत. माझा आक्षेप ह्या वाटणीला आहे. शेजारधर्माचा पहिला भार आवाज करणाऱ्यावर असतो. ऐकणाऱ्याने सोसलं तर ती त्याने दिलेली देणगी आहे, आणि देणगी हक्काने मागता येत नाही. आपल्या परंपरांनी ही गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट सांगून ठेवली आहे. व्यवहारात मात्र आपण तो उपदेश चुकीच्या माणसाला ऐकवत आलो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसा येते, तेव्हा ज्ञानेश्वर तिथे बराच वेळ थांबतात. ते शस्त्राची गोष्ट करत नाहीत, चालण्याची करतात. पाण्यावरचा तरंग मोडू नये म्हणून बगळा कसं पाऊल टाकतो, केसर कुस्करेल ह्या शंकेने भुंगा कमळावर कसा उतरतो, हे दाखले देत अहिंसा माणसाच्या पायांत, श्वासात, बोलण्यात कशी उतरते ते सांगतात. ह्या वर्णनात कोणी कोणाला मारत नाही, कोणी कोणावर रागावत नाही. प्रश्न एवढाच की माझ्या नुसत्या असण्याने, माझ्या नेहमीच्या हालचालीने दुसऱ्याच्या जगात किती खळबळ उडते. जैन विचाराने हेच तत्त्वाच्या भाषेत मांडलं. तत्त्वार्थसूत्राच्या हिंसेच्या व्याख्येत प्रमाद हा शब्द मध्यभागी आहे. प्रमाद म्हणजे बेफिकिरी. मारायचा हेतू असेल तरच हिंसा, असं ती व्याख्या म्हणत नाही. आपल्या कृतीने दुसऱ्याचं काय होतं इकडे लक्ष न देणं हेच तिच्या लेखी हिंसेचं मूळ. रात्री दोनला माग चालवणाऱ्याच्या मनात वरच्या खोलीतल्या आजारी माणसाबद्दल वैर नसतं. पण वैर नाही एवढ्याने तो सुटतो, असं ह्या दोन्ही परंपरांत कुठेच म्हटलेलं नाही.

भिवंडीत हा विचार इस्लामच्या भाषेतही बोलावा लागतो, कारण इथला माग मुख्यतः उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांच्या हातांनी उभा राहिला. ह्या परंपरेत शेजाऱ्याचे हुकूक, म्हणजे हक्क, हा मोठा विषय आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याचं ईमान पुरं नाही, ह्या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात दोन लहान गोष्टी. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, कारण वासाने इतरांना त्रास होतो, ही एक. दुसरी अशी की मशिदीत काही लोक मोठ्याने कुराणपठण करत होते, तेव्हा पैगंबरांनी त्यांना बजावलं, प्रत्येक जण आपल्या परमेश्वराशीच बोलतो आहे, एकमेकांवर आवाज चढवून त्रास देऊ नका. इथे धूर नाही, यंत्र नाही, धंदाही नाही. आहे तो नुसता वास आणि आवाज, आणि तोही सर्वांत पवित्र पठणाचा. तरी त्रास हा त्रासच धरला आहे. चौदाव्या शतकात ट्यूनिसच्या इब्न अल-रामी नावाच्या गवंड्याने बांधकामाच्या तंट्यांवर ग्रंथ लिहिला. हमाम आणि भट्ट्यांचा धूर, कातडी कमावण्याची दुर्गंधी असल्या गोष्टी त्यात न्यायाचे प्रश्न म्हणून येतात. आवाजाबद्दल मात्र फकीहांत, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांत, मतभेद होते, आणि ते असणं स्वाभाविक आहे. धूर भिंत काळी करतो, आवाज मागे खूण ठेवत नाही.

ह्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप पोटाचा आहे, आणि तोही धर्मपरंपरेतूनच येतो. जैन आचारशास्त्र गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार करतं आणि संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली, तेवढी पूर्ण वर्ज्य मानतं. शेती, व्यापार, कारागिरी करताना होणारी उद्योगी हिंसा गृहस्थाला टाळता येत नाही, हे ते मान्य करतं. ज्यूंच्या मिश्ना ह्या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात तर थेट आपलाच खटला आहे. एका अंगणात राहणाऱ्यांपैकी कोणी दुकान थाटलं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गलबल्यामुळे झोप येत नाही अशी हरकत शेजारी घेऊ शकतो. पण हातोड्याच्या किंवा जात्याच्या आवाजाबद्दल त्याला हरकत घेता येत नाही. मुलांच्या आवाजाबद्दलही नाही. म्हणजे हाताच्या कामाचा आवाज शेजाऱ्याने सोसायचा असतो, असा स्पष्ट निवाडा एका थोर परंपरेने देऊन ठेवला आहे. भिवंडीचा मागवाला हाच निवाडा मागतो.

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. मागाच्या खटखटाटावर लाखो घरांची चूल पेटते, आणि दुसऱ्याची चूल विझवून मिळवलेली शांतता फार काळ टिकतही नाही. पण सवलतीला अटी असतात आणि त्या सोयीस्करपणे गाळल्या जातात. ज्या जैन शास्त्राने उद्योगी हिंसा क्षम्य ठरवली, त्यानेच गृहस्थासाठी पंधरा धंदे वर्ज्य सांगितले आहेत. त्यांत भट्टी-कोळशाचं अंगारकर्म आहे आणि यंत्रात घालून पिळण्याचं यंत्रपीडनही आहे. मागावर सूत पिळलं जात नाही, तेव्हा ती यादी जशीच्या तशी भिवंडीला लावावी असं मी म्हणत नाही. त्या यादीतून एवढंच दिसतं की ‘धंदा आहे’ हे उत्तर ऐकल्यावर शास्त्र तिथे थांबलं नाही, पुढचे प्रश्न विचारत राहिलं. ज्या मिश्नाने हातोड्याला सूट दिली, तिनेच कातडी कमावण्याचं काम गावापासून पन्नास हात दूर आणि फक्त पूर्वेला ठेवायला सांगितलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही घरबांधणीच्या नियमांत चूल, जातं, उखळ ह्यांसाठी अंतर राखायला सांगितलं आहे. ही सगळी माणसं धंद्याची शत्रू नव्हती. काम हवं हे धरून, ते कुठे, किती जवळ आणि कसं, एवढं त्यांना ठरवायचं होतं.

शिवाय त्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचं काम थकणारं होतं. हातोडा उचलणारा हात संध्याकाळी दुखायचा, जातं ओढणारी बाई थांबायची. कबीर विणकर होते; त्यांच्या हातमागालाही खटखट असणार, पण ती विणणाऱ्याच्या पायांच्या आणि डोळ्यांच्या ताकदीएवढीच. अंधार पडला की ती आपोआप थांबत असणार. जुन्या सवलतीमागची न बोललेली अट ही होती. विजेच्या मागाने ती अट काढून टाकली. आता बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत माणूस बदलतो आणि यंत्र चालूच राहतं. वीज गेली तेवढ्यापुरती गल्ली शांत होते, म्हणजे ह्या शहरात रात्रीची शांतता कोणाच्या निर्णयाने येत नाही, बिघाडाने येते. थकणाऱ्या हाताला दिलेली सूट न थकणाऱ्या यंत्राने जशीच्या तशी मागितली तर ती त्याला लागू होत नाही.

दुसरा आक्षेप नेहमी ऐकू येतो: लोकांना सवय होते. झोपेच्या अभ्यासातून ह्याचं उत्तर मिळतं. नेहमीच्या आवाजाने माणूस पुढेपुढे कमी वेळा जागा होतो हे खरं, पण झोपेतही आवाजासरशी हृदयाची गती वाढते, आणि ती प्रतिक्रिया सवयीने पूर्णपणे जात नाही. मन तक्रार करायचं थांबवतं, शरीर थांबवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्रीच्या आवाजासाठी घराबाहेर चाळीस डेसिबलचं मार्गदर्शक मूल्य सुचवलं, ते ह्याच तऱ्हेच्या पुराव्यावर. आणि सवय झाली असं समजलं, तरी तिने काय सिद्ध होतं? अन्यायाची सवय झालेल्या माणसाला अन्याय कमी लागतो म्हणून तो कमी होतो, असं आपण दुसऱ्या कोणत्या बाबतीत म्हणतो?

तिसरा आक्षेप असा की माग आधी आले, माणसं नंतर राहायला आली. भिवंडीत हे पुष्कळदा खरं आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर इथला धंदा झपाट्याने फुगला आणि त्याच्यामागे वस्ती आली. इंग्लंडमध्ये १८७९ साली स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन ह्या खटल्यात नेमका हाच वाद होता. एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ मोठ्या उखळांत कुटत होता. शेजारच्या डॉक्टरने आपल्या आवाराच्या टोकाला, त्याच्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली आणि मग आवाजाची फिर्याद केली. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९६० मध्ये अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस ह्यांनी ह्याच खटल्याचा आधार घेऊन म्हटलं, की त्रास दोन्ही बाजूंचा असतो. मिठाईवाला डॉक्टरला त्रास देतो तसा डॉक्टरही त्याचं कुटणं बंद पाडून त्याचं नुकसान करतो, तेव्हा कोणाचं नुकसान टाळणं अधिक मोलाचं एवढंच पाहावं. हा युक्तिवाद मी हलक्याने घेत नाही. माग बंद झाला तर कोणाच्या तरी पोटावर पाय येतो, हे कोस विसरू देत नाहीत. पण दोन्ही नुकसानं एका तराजूत टाकताना त्यांतून कर्ता निसटतो. मिठाईवाल्याचं उखळ डॉक्टरच्या खोलीत शिरत होतं, डॉक्टरची शांतता मिठाईवाल्याच्या खोलीत शिरत नव्हती. झोपलेला माणूस कोणाच्या घरात काहीच पाठवत नाही. आणि भिवंडीत नंतर आलेला माणूस बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. तो तिथे येतो कारण दुसरीकडचं भाडं त्याला परवडत नाही. ज्याला निवड नव्हती त्याला ‘तूच निवडलंस’ म्हणणं न्यायाचं नाही.

आता सहनशीलतेकडे येतो, कारण मराठी मन शेवटी तिथेच आश्रय घेतं. पैठणच्या एकनाथांची आख्यायिका सर्वांना माहीत आहे. नाथ गोदावरीवर स्नान करून येत, एक माणूस त्यांच्या अंगावर थुंके, नाथ पुन्हा स्नानाला जात. असं एकशे आठ वेळा झालं. ही गोष्ट आपण सोसण्याचा आदर्श म्हणून सांगतो आणि तो आदर्श आहेच. पण नाथांनी सोसलं म्हणून थुंकणाऱ्याला थुंकण्याचा हक्क मिळाला, असं कोणी कधी म्हटलेलं नाही. गोष्ट संपते ती त्याच्या पश्चात्तापावर. नाथांचं मोठेपण ह्यात आहे की ते स्नान त्यांनी आपणहून केलं. थुंकणाराच उद्या सांगू लागला, की तुम्ही संत आहात, पुन्हा आंघोळ करा, तर तीच गोष्ट किळसवाणी होईल. ‘जरा सांभाळून घ्या’ हे वाक्य आवाज करणाऱ्याच्या तोंडी येतं तेव्हा तसंच काहीसं होतं. क्षमेचा उपदेश ज्याच्यावर अन्याय झाला त्याने स्वतःला करावा. दुसऱ्या कोणी करायचा असेल तर निदान ज्याच्यामुळे तो अन्याय चालू आहे त्याने करू नये.

इथे एक गोष्ट मनाला टोचते. आवाजाबद्दल आपण इतकं बोलतो, पण जवळजवळ सगळं भोंग्यांबद्दल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर मोठा निकाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हटलं. दोन्ही योग्यच. पण भोंग्याचा आवाज काही मिनिटांचा, फार तर काही दिवसांचा असतो. मागाचा रात्रभर आणि वर्षभर. भोंग्याला धर्म असतो म्हणून त्यावर राजकारण होतं. मागाला धर्म नसतो, त्याच्या आवाजाने हिंदू आणि मुसलमान सारखेच जागे राहतात, म्हणून त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

पण आवाज करणारा म्हणजे नक्की कोण? मागापाशी उभा असलेला कारागीर नव्हे. तो स्वतः नव्वद डेसिबलमध्ये बारा तास काढतो, भिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवतो आणि पुष्कळदा पाळीपाळीने वापरायच्या खोलीत, दुसऱ्या कोणाच्या मागाच्या आवाजात झोपतो. त्याला शेजारधर्म शिकवणं क्रूरपणाचं होईल. गाळ्याचा मालक म्हणेल, मी तर मजुरीवर विणतो. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मला पिकामागे, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यामागे, पैशांत मोजलेली मजुरी मिळते, रात्रपाळी बंद केली तर हप्ता कुठून भरू? त्याचंही खोटं नाही. हीच साखळी भिवंडीच्या दुसऱ्या धंद्यात आणखी स्पष्ट दिसते. मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा इकडे गोदामांच्या रांगा आहेत आणि माल उतरायची वाट पाहत ट्रक उभे असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांत चालकाची केबिन वातानुकूलित असणं सक्तीचं झालं आहे, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं. पण उभ्या ट्रकात ती केबिन थंड ठेवायची तर इंजिन चालू ठेवावं लागतं. रात्री चालक झोपतो आणि त्याच्या इंजिनाचा धूर नि घरघर शेजारच्या खिडकीत जाते. चालकाची झोप आणि खिडकीतल्याची झोप, दोन्ही खऱ्या गरजा. इथे चालकाला दोष देणाऱ्या माणसाला प्रश्न समजलेला नाही. त्याला रात्रभर तिथे उभा ठेवणारा, वेळ न देणारा, विजेची सोय असलेला थांबा न बांधणारा जो कोणी आहे, त्याचा तो आवाज आहे.

म्हणून शेजार भिंतीने ठरत नाही असं मला वाटतं. माझ्या कामाचा आवाज आणि धूर जिथवर जातो तिथवर माझा शेजार आहे, मी स्वतः ठाण्यात किंवा मुंबईत शांत सोसायटीत राहत असलो तरीही. काळबादेवीच्या पेढीवर बसून मजुरीचा दर ठरवणारा व्यापारी त्या अर्थाने शांतीनगरचा शेजारी आहे. तिथल्या चाळीत खाटेवर जागं असलेलं पोर त्याच्या शेजारचं आहे. ह्या दृष्टीने पाहिलं तर उपायही वेगळे दिसतात. मागाखाली रबराच्या गाद्या घालणं, गाळ्याला दुहेरी भिंत देणं, धोट्याऐवजी रॅपियरचे माग आणणं, हे सारं होण्यासारखं आहे. नुसत्या खिडक्या बंद करणं हा उपाय नाही, कारण मग उष्मा आणि उडणारी रुई कारागिराच्या छातीत जाते. पण ह्या प्रत्येकाला पैसे लागतात, आणि आज पिकाच्या दरात त्यांचा हिशेब नाही. साधे माग सुधारण्याच्या सरकारी योजना निघाल्या त्याही कापडाचा दर्जा आणि उत्पादन वाढावं म्हणून. रात्रीच्या झोपेची किंमत कापडाच्या किमतीत धरलेलीच नाही. ती वरच्या मजल्यावरची माणसं दररोज चुकती करतात.

भिवंडीला बसून बोलण्याची एक मोठी परंपरा आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर पोळलं. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे ह्यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, एकेका वस्तीतल्या हिंदू-मुसलमानांना एकत्र बसवलं, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत माणसं आधी एकमेकांची नावं शिकली. तशीच एखादी बैठक मागाच्या गल्लीत भरली, आणि तीत कारागीर, गाळेमालक, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड ह्यांच्याबरोबर सूत पुरवणारा व्यापारीही बसला, तर पहिला प्रश्न रात्री अकरा ते पहाटे पाच हे सहा तास कोणाच्या खर्चाने बंद ठेवायचे हा असेल. कारागिराची त्या सहा तासांची मजुरी बुडू द्यायची नाही, हे आधी ठरवूनच त्याचं उत्तर शोधायला बसावं लागेल.